आवक संध्याकाळी कळते, पट दोन वर्षांनी

(सायखेडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)

सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव उरकला की त्या दिवसाचा हिशेब गावापुरता राहत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या बाजारभावांत ‘पिंपळगाव (ब) - सायखेडा’ अशी स्वतंत्र ओळ असते. आवक किती क्विंटल, कमीत कमी दर काय, जास्तीत जास्त काय, सर्वसाधारण काय, सगळे त्या एका ओळीत येते. दूरचा व्यापारी ती ओळ पाहून गाडी भरायची की नाही ते ठरवतो. इकडे शेतकरी तीच ओळ पाहून चाळ आज फोडायची की आणखी आठ दिवस दम धरायचा ते ठरवतो. आकड्यात घोळ झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंब होते, कारण तो आकडा पाहणारे डोळे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे त्यात काहीतरी अडकलेले आहे.

आता याच गावाबद्दल दुसरा प्रश्न. यंदा बारावी झालेल्या मुलामुलींपैकी कॉलेजात किती गेली? त्यांत मुली किती? पहिल्या वर्षाला नाव घातलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात किती बसली? हे ग्रामपंचायतीत विचारले, तालुक्याला निफाडला विचारले, थेट पुण्याला विद्यापीठात विचारले, तरी सरळ उत्तर एका जागी मिळणार नाही. गोल्टी कांद्याचासुद्धा वेगळा भाव विचारणाऱ्या मुलखात पोरांची आवक मात्र कुणी फळ्यावर लिहीत नाही.

नाशिक जिल्ह्याला विद्यापीठांचे वावडे आहे असे तर मुळीच नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकलाच सुरू झाले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही १९९८पासून नाशिकलाच आहे. कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न. समजा, सायखेड्यातल्या एका घरात तीन भावंडे आहेत. थोरली नाशिकला नर्सिंग करते, ती आरोग्य विद्यापीठाची. मधली एसटीने निफाडला बी.कॉम.ला जाते, ती पुण्याची. धाकटा कांद्याच्या खळ्यावर कामाला आहे आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. घर एक, चूल एक आणि विद्यापीठे तीन. तिघांचे पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, वेगळे, तिघांची मोजणी तीन वेगळ्या अहवालांत. त्या घरातली तिन्ही मुले शिकताहेत, हे साधे वाक्य मात्र एकाही अहवालात सापडत नाही.

मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. घरोघरी म्हटल्यावर कोणत्या तालुक्यात किती घरी, हे विचारणे ओघानेच आले.

निफाड तालुक्यात हा विषय काढताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना वगळून पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२चा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघेच, म्हणजे विद्यापीठाची पदवीधर-संख्या तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजता येत होती, अंगठा शिल्लक ठेवून. पुढे १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करण्यातही रानडेच पुढे होते. आज सायखेड्यात व्याख्यानासाठी सतरंज्या अंथरल्या जातात, तो प्रघात त्याच घराण्यातला.

पण रानड्यांची इथे आठवण काढायची ती वेगळ्याच कारणासाठी. १८९४ साली त्यांनी मुंबईत एक भाषण केले. विषय होता पदवीधरांमधले अकाली मृत्यूंचे प्रमाण. शिकूनसवरून बाहेर पडलेली तरुण माणसे इतकी लवकर का जातात, अभ्यासाच्या आणि परीक्षांच्या ओझ्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना हा प्रश्न आकड्यांनिशी मांडता आला, याचे कारण मुंबई विद्यापीठ आपल्या पदवीधरांच्या याद्या छापत असे. किती शिकले हे छापलेले होते, म्हणून त्यांतले किती गेले हे विचारता आले. विद्यापीठाचा आकडा विद्यापीठाच्याच पदवीधराने विद्यापीठापुढे प्रश्न म्हणून ठेवल्याचे इतके जुने उदाहरण दुसरे सहज सापडणार नाही. तो पदवीधर निफाडचा होता, याचा या तालुक्याने थोडा जास्त अभिमान बाळगायला हरकत नाही.

त्याहीआधी, इंग्रजी अंमल नवा असताना, मुंबई इलाख्यात गावठी शाळांची मोजदाद झाली होती. कलेक्टरांकडून माहिती मागवली गेली आणि १८२९ साली जमा झालेल्या आकड्यांनुसार १,७०५ शाळांत ३५,१४३ मुले शिकत होती. पुढे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी ही जुनी कागदपत्रे शोधून छापली. त्यांतून एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की कलेक्टरांनी शाळा मोजल्या, पण घरी पंतोजी ठेवून शिकणारी मुले त्या मोजणीत नीट आलीच नाहीत. आकडा खोटा नव्हता. प्रश्न अपुरा होता. दोनशे वर्षांनंतर विद्यापीठांच्या आकड्यांची रड बरीचशी तीच आहे.

हा आकडा जन्माला कसा येतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जुलैचा महिना. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी, खिडकीबाहेर रांग, रांगेत ओल्या छत्र्या. प्रवेश अर्ज, बारावीची गुणपत्रिका, मूळ टीसी, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स. कारकून जनरल रजिस्टरला नाव चढवतो, फी भरल्याची पावती फाटते आणि पोरगी विद्यार्थिनी होते. विद्यापीठाच्या लेखी मात्र ती अजून झालेली नसते. आधी पात्रतेचा अर्ज, मग पीआरएन. पुढे परीक्षा अर्ज. त्यापुढे हॉलतिकीट. आणि शेवटी परीक्षेच्या दिवशी बाकावर ती स्वतः.

म्हणजे एकाच वर्गाचे निदान चार आकडे होतात. प्रवेश घेतलेले, पात्रता पूर्ण झालेले, परीक्षा अर्ज भरलेले आणि प्रत्यक्ष परीक्षेला बसलेले. चारही खरे असू शकतात, आणि पुढचा प्रत्येक आधीच्याहून लहान. लग्न ठरले, वडिलांचे दुखणे निघाले, पोलीस भरतीची तयारी सुरू झाली, नाहीतर उन्हाळ कांद्याच्या काढणीला घरी हात कमी पडले, अशी गळती त्या चार आकड्यांच्या मधल्या फटींतून होत असते. कॉलेजने माहितीपत्रकात पहिला आकडा छापावा, विद्यापीठाने भाषणात दुसरा सांगावा आणि निकालाच्या दिवशी टक्केवारी चौथ्यावर काढावी, यात कुणी खोटे बोलले असे होत नाही. वाचणाऱ्याला मात्र काही कळलेले नसते.

यानंतर देशपातळीची मोजणी येते. केंद्र सरकारचे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण, ज्याला शिक्षणक्षेत्रात सगळे ‘आयशे’ म्हणतात, ते २०१०-११ या वर्षापासून चालू आहे. विद्यापीठासाठी डीसीएफ-१, संलग्न महाविद्यालयासाठी डीसीएफ-२, स्वतंत्र संस्थांसाठी डीसीएफ-३ असे तक्ते आहेत. महाविद्यालयाचा तक्ता भरायला एक नोडल अधिकारी असतो. पदाचे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते काम एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडते आणि तो दुपारी प्रात्यक्षिके घेऊन संध्याकाळी पोर्टलशी झुंजतो. अभ्यासक्रमवार, वर्षवार, मुले-मुली, प्रवर्ग, दिव्यांग, अल्पसंख्याक, आर्थिक दुर्बल अशा घरांत संख्या भरायच्या आणि बेरीज जुळली नाही तर पुन्हा जनरल रजिस्टर काढायचे. २०२०-२१पासून हे सगळे थेट ऑनलाइन भरले जाते. त्या प्राध्यापकाचे कौतुक कुठल्याही अहवालात नसते, म्हणून ते इथे.

आयशेचा २०२१-२२चा अहवाल सांगतो की देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४.३३ कोटी होते, त्यांत २.०७ कोटी मुली. महाराष्ट्राचा आकडा ४५ लाखांच्या पुढे आणि उत्तर प्रदेशानंतर देशात दुसरा. आकडे मोठे आहेत आणि त्यांच्यामागे मेहनतही मोठी आहे. पण हा अहवाल लोकांपुढे आला तो जानेवारी २०२४मध्ये. ज्या मुलीने २०२१ साली एफ.वाय.ला नाव घातले, ती तोवर टी.वाय.च्या शेवटच्या सत्रात होती. तिचे पहिल्या वर्षाचे वर्गमित्र मोजून होईपर्यंत तिचा निरोपसमारंभ तोंडावर आलेला. इकडे कांद्याचा आकडा संध्याकाळी येतो. कांदा नाशवंत आहे हे खरे, पण विद्यार्थ्याची तीन वर्षेही काही चाळीत साठवून ठेवता येत नाहीत.

शिवाय टक्केवारीचे गणित. शंभरातली किती तरुण मुले उच्च शिक्षणात आहेत, हे सांगणारे प्रमाण १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येवर काढतात. २०१९-२०च्या अहवालात ते देशासाठी २७.१ छापले होते. पुढच्या, २०२०-२१च्या अहवालात ते २७.३वर गेले. दोन दशांश वाढ, असेच कुणीही म्हणेल. पण नव्या अहवालाने भाजक बदलला, २०११च्या जनगणनेवर आधारलेले अंदाज घेतले आणि त्या हिशेबाने मागच्याच वर्षाचा आकडा २५.६ झाला. म्हणजे वाढ झाली ती १.७ची. एकच वर्ष, तेच विद्यार्थी, प्रमाणे दोन. यात लपवाछपवी नव्हती, बदल अहवालात सांगितलेला होता. पण ज्याने दोन अहवालांची फक्त मुखपृष्ठे पाहिली त्याची फसगत ठरलेली. आणि २०२१ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे हा भाजक अजून अंदाजावरच उभा आहे.

आकडा वाकतो का? वाकतो, आणि महाराष्ट्राने ते एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांचा पट तपासला. त्या अनुभवानंतर ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नयेत म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. मतदाराच्या बोटाला लागणारी शाई चौथीतल्या पोराच्या बोटाला लागली. पटावर असलेली पण वर्गात न सापडलेली मुले राज्यात सुमारे २० लाख निघाली. त्यांतली सगळी बोगस नव्हती. कुणी आजारी असेल, कुणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर असेल. तरीही इतक्या मोठ्या आकड्याला दुसरे नाव देणे कठीण होते.

ती शाळांची गोष्ट. कॉलेजांचा पट असा राज्यभर एका वेळी कधी तपासला गेला नाही. पण शिष्यवृत्तीच्या वाटेने तो विषय पुढे आलाच. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्त्यांमधल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने डॉ. के. व्यंकटेशम यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले होते. जिथे विद्यार्थ्यामागे पैसा येतो, तिथे विद्यार्थी कागदावर वाढण्याचा मोह असतो. पुढे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्याशी जोडणारे महाडीबीटी पोर्टल आले ते याच अनुभवातून शहाणे होऊन.

मोह नेहमी पैशाचाच असतो असेही नाही, आणि इथे जरा सबुरीने बोलायला हवे. खेड्यातल्या कॉलेजात बी.ए.च्या तुकडीत मुले कमी झाली की कार्यभार कमी होतो, कार्यभार कमी झाला की पद जाते, आणि पद गेले की तासिका तत्त्वावरचा माणूस घरी बसतो. मराठी किंवा इतिहासाचा एक शिक्षक टिकवायचा म्हणून प्राध्यापक मे महिन्यात वाड्यावस्त्यांवर फिरून मुले गोळा करतात. त्यांतली काही खरोखर शिकतात, काही नावापुरती राहतात. हजेरीपटावरचे असे नाव म्हणजे घोटाळा नव्हे, एका माणसाच्या नोकरीचा टेकू असतो. पण टेकूवर उभ्या भिंतीला सरळ भिंत म्हणून दाखवले, की दुरुस्तीसाठी येणारा गवंडीच फसतो. गळती कुठे आहे तेच दिसेनासे होते.

राष्ट्रीय मानांकन आराखड्याने, म्हणजे एनआयआरएफने, एक चांगला पायंडा पाडला. २०१६पासून मानांकनात उतरणाऱ्या संस्थांना भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती वर्षांच्या अभ्यासक्रमाला मुले किती, मुली किती, राज्याबाहेरचे किती, सगळे तिथे दिसते. पण विद्यापीठ म्हणून जो तक्ता असतो त्यात मुख्यतः त्याच्या स्वतःच्या विभागांतले विद्यार्थी असतात. संलग्न महाविद्यालयांतले लाखो त्यात नसतात. आवारात हिंडणारे काही हजार दिसतात, निफाडची बी.कॉम.वाली दिसत नाही. आणि राज्य विद्यापीठाचा डोलारा तर तिच्याच फीवर आणि तिच्याच परीक्षांवर उभा असतो!

सरकारलाही या आकड्यांची उणीव नडते, लोकांना नडते त्याहून जास्त. जुलै २०२४मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे. त्याने मुली वाढल्या का? कोणत्या तालुक्यांत वाढल्या? की ज्या मुली तशाही आल्या असत्या त्यांचीच फी वाचली? त्यातही काही वाईट नाही, पण ती वेगळी गोष्ट. पारंपरिक बी.ए., बी.कॉम. सोडून त्या तिकडे वळल्या का? अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्यांचे जागावाटप सीईटी कक्ष जाहीर करतो, त्यामुळे तिथले काही तरी सांगता येते. साध्या पदवीच्या वर्गांचे तसे नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. बाहेर पडलेली मुलगी प्रमाणपत्र घेऊन गेली की नुसतीच यायची थांबली, हे वेगळे न छापले तर उद्या गळतीलाच सोय म्हटले जाईल.

परदेशात सगळे आलबेल आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने मानांकनासाठी दिलेले आकडे २०२२ साली त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी तपासले. लहान वर्गांची टक्केवारी फुगवलेली वाटली, म्हणून त्यांनी काय केले, तर विद्यापीठाच्याच उघड्या वेळापत्रकातले वर्ग मोजले. काही महिन्यांनी विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली आणि मानांकनात ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आले. थॅडियस यांना हे जमले, कारण मोजायला लागणारा कागद कुलपात नव्हता. अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्य योजनेत असलेल्या प्रत्येक संस्थेला आपली विद्यार्थीसंख्या केंद्राला द्यावीच लागते आणि ती संस्थावार कुणालाही पाहता येते.

आकडे छापा म्हणजे नावे छापा नव्हे, हेही सांगून टाकायला हवे. एखाद्या वर्गात अनुसूचित जमातीची एकच मुलगी असेल तर प्रवर्गवार तक्ता तिचे नाव न घेता तिच्याकडे बोट दाखवतो. अशा जागी ‘पाचपेक्षा कमी’ एवढेच लिहावे. त्याने अभ्यासकाचे अडत नाही आणि मुलीचेही बिघडत नाही. पण खासगीपणाची ढाल पुढे करून अख्ख्या तालुक्याचा आकडा दाबून ठेवायचा, हे मान्य करण्याजोगे नाही.

सायखेड्याला आकडा म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, दोन्ही पुरांत गोदावरी इथल्या बाजारपेठेत शिरली. अशा रात्री गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, याकडे सायखेडा आणि पलीकडची चांदोरी यांचे कान लागलेले असतात. आणि त्याहून जुने माप म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढे कळले की खाली सायखेड्यात माणसे दुकानातला माल माळ्यावर चढवायला लागतात. ते माप कुणा अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात नाही. भर घाटावर उभे आहे, अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता येते, आणि ते दोन वर्षांनी सांगत नाही.

विद्यापीठाच्या पटाचे तसे व्हायला फार काही लागत नाही. माहिती पीआरएनच्या रूपात विद्यापीठाकडे आहेच. विद्यार्थ्याच्या पत्त्यात तालुका आहेच. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक तक्ता काढावा. महाविद्यालयवार, तालुकावार, अभ्यासक्रमवार, मुले-मुली वेगळे आणि ते चारही आकडे शेजारी शेजारी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. सायखेड्यात पदवीधर पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितींनी मतदार म्हणून नाव नोंदवले आहे, आणि नोंदवलेल्यांपैकी कितींनी आपल्या सदस्याला हा तक्ता मागायला सांगितले आहे, याची चौकशी व्याख्यान संपल्यावर मंडपातच करता येईल.

आणि अधिसभेची वाट पाहायची नसेल तर दुसरा रस्ताही आहे. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक संस्थेला माहिती आपणहून जाहीर करायला सांगते. तिने केली नाही, तर सहाव्या कलमाखाली ती मागता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. विषय एकच असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. निफाड तालुक्यातले किती विद्यार्थी गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला होते आणि त्यांतले किती यंदा दुसऱ्या वर्षाला आहेत, हे विचारायला दीडशे शब्दही लागत नाहीत. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.